खडा

शुक्रवार टाळला.
शुक्रवारी म्हापशात पाय ठेवायला जागा नसते
आणि बाजारात सुकांतीचा आवाज चढतो.
मंगळवारी, भर दुपारी, पायलटांच्या रांगेतला नंबर सोडून
पिवळा मडगार्ड गुणाजी शेटांच्या पायरीला टेकवला.

खिशात एक्केचाळीस हजार सातशे.
तीन वर्षं माझ्या पाठीमागे बसलेल्या माणसांचे
वीस, तीस, सुटे नाहीत म्हणून राहून गेलेले दहा.
मी हजार जोडायचो
तेवढ्यात सोनं दोन हजार पुढं निघून जायचं,
हॉर्नसुद्धा न देता.

शेटांनी खणातून पुडी काढली.
निळसर कागद, त्याच्या आत आणखी एक कागद.
पंखा बंद केला.
पंधरा-वीस खडे. मला सगळे सारखेच.
मी मान हलवत राहिलो
पत्ता विसरलेल्या गिऱ्हाइकासारखी.

सुकांती वाकली.
आगरवाड्याची पोर, चार पिढ्या मिठागरात,
खड्यांची खडान्‌खडा माहिती.
"हा पाणचट," म्हणाली. "हा घाईनं उचललेला.
ह्याला ऊन कमी पडलंय."
"बाय, हे मीठ नव्हे," शेट म्हणाले.
"ठाऊक आहे. मीठ असतं
तर पंखा चालू ठेवला असतात."

मग एक मोठा निघाला, पावट्याच्या बी-एवढा नाही तरी
तिच्या बोटावर दुरून दिसेल असा.
"यंत्रातला. तेवढ्याच पैशांत."
माझा जीव तिथंच अडकला, खोटं कशाला बोलू.
माझ्या थोरल्या वहिनीला तो उंबऱ्यातूनच दिसला असता.
सुकांतीनं त्याला नावं ठेवली नाहीत.
यंत्राजवळसुद्धा कुणीतरी रात्रपाळीला बसलं असेल, म्हणाली.
फक्त मूठ वळवून दाखवली:
"मीठ ओढायच्या फळीला अडकेल. बारीक द्या."

अकरा सेंटचा.
शेटांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं,
आत प्रकाशाचं वारूळ फुटलेलं
आणि कडेला एक रेघ, पिसाच्या टोकाएवढी.
"म्हणून परवडतोय. काळजी नको,
वर सोन्याचा दात बसवतो, झाकून जाईल."
"झाकू नका," ती म्हणाली.
मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलणार.
"पॉलिशला दिला आणि बदलून आला
तर ओळखायचा कशावरून?"

शेटांचे कान लाल झाले.
त्यांनी पंखा लावला, पुन्हा बंद केला.

बोटाचं माप घेताना आणखी एक घोळ.
माझ्याकडं दोरा होता,
ती बसमध्ये डुलकी घेत असताना गुपचूप घेतलेला, पौषातला.
दोरा बसेना.
एप्रिलात बोटं सुजलेली, पेरांना चिरा,
चिरांत पांढरं काहीतरी, धुतलं तरी न जाणारं.
"पावसात आगर बुडलं की उतरतात," ती म्हणाली.
मग अंगठी कुठल्या महिन्याची करायची?
तिघंही विचारात पडलो.
शेवटी शेटांनीच मधलं माप धरलं:
उन्हाळ्यात जरा चावेल,
आषाढात जरा फिरेल.

हिशोब झाला. घडणावळ धरून
तेराशे कमी.
मी गाडीच्या चावीकडं पाहिलं.
सुकांतीनं भिंतीवरच्या फोटोकडं,
शेटांचं कुळागर, मागं माडांची रांग.
"माडांना मीठ घालता?"
"घालतो तर. हल्ली बरं मीठ मिळतं कुठं."
"चार पोती. मे महिना संपायच्या आत.
पोचवायची ह्यांच्या गाडीवरून."

ह्यांच्या.
तो शब्द तिनं पहिल्यांदाच वापरला,
तोही पोत्यांच्या संदर्भात.

पावती अजून माझ्या डिकीत आहे,
लायसनच्या प्लास्टिकमध्ये.
हिरा एक, सोनं अमुक ग्रॅम, घडणावळ,
आणि खाली लाल शाईनं,
शेटांच्या तिरप्या अक्षरात:
मीठ, पोती चार, येणे.

तीन पोचली.
चौथं कोलवाळच्या पुलावर फुटलं.